ज्वारीचं पोतं हसत नाही

हॅलो? … हो, लातूरहून ईश्वरप्पाच बोलतोय. … अगं शिवलीला! मागे कोण ओरडतंय, कंडक्टर की काय? … अहमदपूर स्टँड. वा. आठ पस्तीस. माझ्या अंदाजापेक्षा चार मिनिटं लवकर पोहोचलीस.

थांब. आधी बूथचा नंबर सांग. … अगं, सांग तर. फोन मधेच तुटला तर? … मीटरच्या वर चिकटवलेला असतो बघ. … हं … हं … शेवटचे दोन आकडे पुन्हा. … झाला नोंदवून. आता बोल. क्रमाने बोल.

अक्षरा उठली, हो. … दूध घेतलं. … वेण्या घातल्या, दोन. एक तिच्या आज्जीने घातली, एक मी. … कोणती कुणाची ते लांबूनही ओळखता येतं, तू फिकीर करू नकोस.

नागुबाई? … नागुबाई ना … आहेत की. … म्हणजे सुखरूप आहेत. … आपल्या घरात आहेत, असं विधान मी केलेलं नाही. … नाही. … बरं बाई, आज अक्षराला उचलायला नाही आल्या.

औशाला गेल्या सकाळीच. भाचीला बघायला पाहुणे येणार आहेत. निरोप पाठवलाय. … निरोप जसाच्या तसा सांगतो: ‘आज लई घाई हाय. अप्पाला सांगा, उद्या पोरीला दोनदा उचलीन.’ … मी कुठे हसतोय? तुझ्या सासूबाई हसतायत.

शिवलीला … अगं ऐक ना. … ऐक. परत फिरायचं नाही. … लातूरची गाडी शेजारच्या फलाटाला लागली आहे? लागू दे. ती रोज लागते. नांदेडचं डेमो लेक्चर रोज नसतं. … अगं, अक्षरा नऊ वर्षांची झाली, म्हणजे तुला हातातला खडू सोडूनही नऊ वर्षं झाली. एमएस्सी फिजिक्स, फर्स्ट क्लास, आणि आपल्या गल्लीत क्लासच्या सहा पाट्या! भूकंपात ज्यांच्या भिंतींना तडे गेले होते, त्यांनी सगळ्यांनी तडे बुजवून वर क्लासची पाटी लावली. पाट्या झाल्या, मुलं झाली, शिकवायला माणूस मिळेना. म्हणून तर नांदेडच्या लोकांनी इथल्या शाखेसाठी तुला आपण होऊन बोलावलं. आणि तू अहमदपुरातून परत येणार?

अमरनाथला? उमरीला कशाला फोन करतेस? कालच्या वादळात तिकडे विजेचे अकरा खांब पडलेत, तुझा नवरा ते उभे करतोय. त्याला सांगून काय होणार? खांब टाकून तो संध्याकाळी पोहोचेल.

नाही, उमाला उचलता येणार नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आज चौथा दिवस. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. हिरवी पट्टी बांधून समोर बसली आहे आणि एका डोळ्याने सगळ्यांवर देखरेख चालू आहे. … बाथरूमचं ती पाहील, त्याला वाकावं लागत नाही. प्रश्न फक्त खाट ते चाकांची खुर्ची, या दीड हाताचा आहे.

मी. … मी म्हणजे मी. … सहासष्ट. वय मला ठाऊक आहे, शिवलीला, शाळेत माझी जन्मतारीख मीच लिहून दिली होती.

हे बघ, माणसाने पूर्वतयारीशिवाय काम करू नये, आणि पूर्वतयारी केली असेल तर काम टाळू नये. पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं मी मुलांना हेच सांगितलं. खाटेचे पाय मीच कापले ना? खाटेची उंची साडेअठरा इंच, खुर्चीची बैठक साडेअठरा. नवारीचा पट्टा शिवला, दोन्ही बाजूंना मुठी लावल्या. तू आणि नागुबाई तिला उचलायचात तेव्हा दर वेळी दारात उभं राहून मी पाहिलंय. शिवाय गेले आठ दिवस सराव चालू आहे.

ज्वारीच्या पोत्यावर. … अगं, ज्वारीच्या! बावीस किलोचं भरून घेतलं. अक्षरा तेवीस. … रोज सकाळी सहा वेळा, खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून खाटेवर. … पोत्याने एकदाही तक्रार केलेली नाही. अक्षराने त्याचं नाव ज्वारीबाई ठेवलंय.

गाडी किती वेळ थांबते? … ड्रायव्हर चहा घेतोय ना? मग बारा मिनिटं धर. तू लाइनवर राहा. मी आत्ता, तुझ्या कानासमोर, तिला खुर्चीत बसवतो. बसली तर तू नांदेडच्या गाडीत चढायचंस. नाही बसली तर लातूरच्या. … नाही, ओढाताण करणार नाही. शब्द देतो. … काय म्हणालीस? … घसरू लागली तर धरून वर ओढायचं नाही, माझ्या मांडीवरून हळूहळू खाली जमिनीवर बसू द्यायचं. आहे, तक्त्यात आहे. अकरावी पायरी.

तुझाच कागद. भिंतीवर लावलाय. फक्त मी तो सुवाच्य अक्षरात, तांत्रिक भाषेत पुन्हा लिहिला. तेरा पायऱ्या. … चौदा? … तुझ्या पर्समधल्या कागदावर चौदा असतील. मी एक गाळली. संपादन करताना एखादी गाळावी लागते. … ते नंतर सांगतो, आत्ता वेळ जातोय.

अहो उमाबाई, हा रिसीव्हर धरा. माझ्याकडे तोंड करून. कानाला नाही लावायचा, हवेत धरायचा. आणि मधे बोलायचं नाही. … शिवलीला, येतोय आवाज? … मी मोठ्याने बोलतो. अक्षरा, तयार? … ती म्हणते, ज्वारीबाईला आधी बसव.

पायरी एक. खुर्ची खाटेला लागून, किंचित तिरकी. झाली. पायरी दोन. पाय ठेवायच्या पट्ट्या वर. झाल्या. पायरी तीन. ब्रेक. डावा … उजवा … लागले. पायरी चार. खुर्ची ढकलून पाहणे.

अरेच्चा.

काही नाही. … काही नाही म्हटलं ना. … हो, हलली. … थोडी. … पलीकडच्या भिंतीपर्यंत.

उमा, तू बोलू नकोस! … शिवलीला, ऐक. काय झालं ते मी स्वतः सांगतो, तुझ्या सासूबाई तिखट-मीठ लावून सांगतील. खुर्ची फार कुरकुरत होती. काल संध्याकाळी मी तिला तेल दिलं. शिलाई मशीनचं. … चाकांना. बेअरिंगना. … आणि ब्रेकच्या दांड्यांना. … ते ओघळून टायरवर आलं असणार. … हो. ज्या भागाने घट्ट धरायचं, त्याच भागाला मी तेल दिलं. एकतीस वर्षं वर्कशॉपात काढलेल्या माणसाने. यंत्र कुरकुरलं की हात आपोआप तेलाच्या डब्याकडे जातो गं, विचार मागून येतो.

नाही, नाही! लातूरच्या गाडीकडे पाहूसुद्धा नकोस. चूक पायरी चारला सापडली, पायरी दहाला नाही. पायरी चार त्यासाठीच आहे. अक्षरा अजून खाटेवर मजेत आहे, टाळ्या वाजवतेय. … तुझा आजचा विषय काय? … घर्षण! बघ. नांदेडच्या मुलांना उदाहरण घरातूनच मिळालं. … माझं नाव घातलंस तरी चालेल.

तीन मिनिटं दे. साबणाचं पाणी … फडकं … टायर पुसतोय … ब्रेकची दांडी पुसतोय … आता कोरड्या फडक्याने … आता चुलीतली राख लावून पुन्हा कोरडं. खुर्ची जागेवर. मागची दोन्ही चाकं भिंतीला टेकवली. शिवाय पुढच्या बाजूने दोन लाकडी पाचरी, वर्कशॉपातल्या, निवृत्तीच्या दिवशी पेटीत चुकून आलेल्या. ब्रेक लावले. ढकलतो. … नाही हलली. … ओढतो. … नाही. … माझं वजन टाकून ओढतोय, शिवलीला. … जागची हलत नाही.

पायरी पाच. पट्टा कमरेला. आवळला, दोन बोटं आत जातात. सहा. खाटेच्या कडेला. येतेय … आली. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट. बूट घातलेत. सात. माझे गुडघे तिच्या गुडघ्यांसमोर. पाठ सरळ, गुडघे वाकलेले. … हो, बगलेत हात नाही घालत. पट्ट्याच्या मुठी धरल्यात. आठ. भार अंगाजवळ. आणि …

… थांबलो.

… नाही, पडली नाही. खाटेवरच आहे. … पाय ताठ झाले. एकदम काठीसारखे. … नाही, दाबत नाही. गुडघे जबरदस्तीने वाकवायचे नाहीत, लक्षात आहे. थांबलोय. आपोआप सैल होतील तोवर थांबायचं.

… पोत्याचं असं कधी झालं नव्हतं.

… चेहरा? रागावलेला. … माझ्यावर, अजून कोणावर? … काय गं अक्षरा? … ती म्हणते, ‘अज्जा, मला सांगितलंच नाहीस.’

हो, शिवलीला. हो. … गाळलेली पायरी तीच. तुझी पहिली. … मला वाटलं, ती तांत्रिक नाही. बाकी सगळ्या पायऱ्यांना माप आहे, कोन आहे, इंच आहेत. ‘अक्षराला सांगा’ याला माप काय लावणार? तक्त्यात ती विसंगत दिसत होती.

तू बोल. ऐकतोय मी.

… भूकंपाची पहाट आत्ता कशाला काढतेस? … हो, खाटेसकट. मी आणि अमरनाथ तुला खाटेसकट अंगणात न्यायला निघालो. नववा महिना होता तुझा, छपराची माती पडत होती, विचारायला वेळ कुठे होता? … हो, तू ओरडत होतीस, आठवतंय. ‘अप्पा, मला चालता येतंय, मला चालता येतंय.’ … आणि आम्ही खाट दारात अडकवून बसलो. आणि शेवटी तू उतरून, चालत, आमच्या आधी अंगणात. … हो. आणि खाट माझ्या अंगठ्यावर. नख अजून काळं आहे. पाचव्या दिवशी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ही बाई जन्माला आली, आणि जन्मल्यापासून मला शिकवतेय.

मान्य. … पूर्णपणे मान्य. मी घरातल्या बायकांना उचलतो आणि मग विचारतो. उमा, मान डोलवू नकोस, पट्टी सरकेल.

शिट्टी कसली वाजली? … आपली? … पहिली शिट्टी आहे, दुसरी होईपर्यंत ड्रायव्हर कप खाली ठेवत नाही. कंडक्टरला सांग, लातूरला एक प्रवासी चढायचा राहिलाय.

अक्षरा. … हे बघ बाळ. मी तुला खाटेवरून खुर्चीत बसवणार आहे. आधी पुढे झुकवीन, मग उचलीन, मग वळीन, मग हळू खाली. चालेल का? … ‘चालेल, पण’? … पण काय? … शिवलीला, अटी आहेत. दोन अटी.

एक. माझ्या खिशातल्या वस्तू काढायच्या. … गालाला टोचतात म्हणे. तीन पेनं आणि सहा इंची लोखंडी पट्टी. … काढली. … सगळी. … अगं, मला काय माहीत! ज्वारीबाईला गाल नाहीत.

दोन. मोजायचं तिने. आणि आज्जीच्या निलंग्याकडच्या कानडीत. ओंदु, एरडु, मूरु. मूरुला उचलायचं, एरडुला नाही. … मंजूर. सही करू का कागदावर? … नको म्हणते.

पाय सैल झालेत. … हो, मी नाही केले, झाले. … पावलं पुन्हा सपाट. माझे गुडघे जागेवर. मुठी धरल्या. अक्षरा, पुढे झुक. नाक माझ्या खांद्याकडे. … शाबास.

… आता काय झालं? … शिवलीला, ती हसतेय. … माझ्या कानातले केस दिसले म्हणे. … अगं, हसताना पाय पुन्हा ताठ होतात ना! … थांबलोय. हसून होऊ दे. … उमाही हसतेय. रिसीव्हर हलतोय का? … अहो उमाबाई, रिसीव्हर! … तू पण? शिवलीला, तू बूथमध्ये आहेस, लोक बघत असतील.

दुसरी शिट्टी? … असू दे. घाई नाही. … म्हणजे तुला आहे. आम्हाला नाही. इथे घाई केली तर काम बिघडतं. … मला माहीत आहे गं, गाडी कुठे उभी आहे ते. लाइन सोडू नकोस. एक मिनिट.

ज्वारीचं पोतं हसत नाही, हेच चुकलं सरावात.

झालं हसून? … अजून थोडं? … घे. … आता? … बरं. बाई तयार आहेत. मोज, अक्षरा. मोठ्याने, आईला ऐकू जाऊ दे.

ओंदु … हं.

एरडु … मी हललो नाही, बघ.

मूरु!

उभी … पाय वळवतोय, कंबर नाही … एक पाऊल … दुसरं … मागे खुर्ची लागली का? … लागली म्हणते … आता खाली … हळू … हळू … सावकाश, माझे गुडघे वाजले ते, तिचे नाहीत … टेकली.

टेकली! … मागे सरक. कमरेपर्यंत मागे. … बेल्ट. … पावलं पट्ट्यांवर. … झाली तेरावी.

उमा, दे. रिसीव्हर दे. … शिवलीला? बसली. … ताठ बसली आहे, जिल्हाधिकाऱ्यासारखी. … पाठ? माझी पाठ जागेवर आहे, विचारल्याबद्दल आभार. … अगं, रडतेस काय? डोळे पूस, नांदेडच्या पोरांपुढे घर्षण शिकवायचंय. … काय? … घे, ती काहीतरी सांगतेय: ‘मम्मी, परत येऊ नको, अज्जाला जमलं. थोडं थोडं जमलं.’ … ऐकलंस ना? आता पळ. … शिवलीला, पळ! कोणत्या गाडीत चढणार ते सांगून … हॅलो? … शिवलीला? … हॅलो?

तुटला.

… गप्प बसा दोघी. विचार करू द्या. कोणत्या गाडीत चढली, हे ती बोललीच नाही. … ‘नांदेडच्याच’ हा तुझा अंदाज झाला, उमा. अंदाज म्हणजे माहिती नव्हे. … नंबर कशाला घेऊन ठेवला होता मग?

हॅलो? अहमदपूर स्टँडवरचा बूथ का? … नमस्कार. लातूरहून ईश्वरप्पा बोलतोय. आत्ता तुमच्याकडून एक बाई बोलत होत्या … मोरपंखी साडी, हो, त्याच. … बसली, बसली! व्यवस्थित बसली. … तुम्हीही ऐकत होतात काय? … चहावालासुद्धा? … आणि ड्रायव्हर? अहो, मग गाडी सुटली कशी?

बरं, मला एकच गोष्ट हवी आहे. त्या कोणत्या गाडीत चढल्या? … पळत गेल्या, ते ठीक. कोणत्या बाजूला? … ‘वाटलं’ नको साहेब. पाटी वाचलीत का? … स्वतःच्या डोळ्यांनी? … नांदेड.

… नांदेड, अक्षरा! … उमा, नांदेड! … माफ करा, घरात जरा गोंगाट आहे.

काय विसरल्या? … कागद? … निळ्या शाईत, चौदा ओळी. तिचाच. … नाही, नाही, गाडीमागे कुणाला पळवू नका. तिला तो आज लागणार नाही. … मला लागेल. पण सगळा नको, तेरा ओळी आहेत माझ्याकडे. फक्त पहिली वाचून दाखवा, मी लिहून घेतो. … पेन आहे, खिशात नाही, पण आहे. वाचा. सावकाश. … ‘आधी … अक्षराला सांगा … आणि ती … हो म्हणेपर्यंत … थांबा.’ … झालं. वरच लिहिलं, पहिल्या ओळीच्याही वर.

फार उपकार झाले तुमचे. ठेवतो आता. उन्हाचा कवडसा आलाय दारात, खुर्ची तिकडे न्यावी म्हणतो. … काय म्हणालात? … हो, हो. अगदी बरोबर बोललात. आधी विचारतो.